मनातला संकल्प वहीत उतरवा



नवे वर्ष लागले की आपण संकल्प करतो. उपवासकाळ सुरू होऊन कपाळाला राख लागली की पुन्हा एकदा करतो. कोणी म्हणतो, यंदा सोसायटीचे कर्ज फेडीन. कोणी म्हणतो, तंबाखू सोडीन. कोणी म्हणते, मुलीच्या शिक्षणाला पैसे बाजूला टाकीन. ईस्टरचा सण येईपर्यंत त्यांतले किती संकल्प उभे राहतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. तुमचा धर्मगुरू असलो तरी या बाबतीत मी तुमच्याच रांगेत आहे. माझी गोष्ट पुढे येईलच.

ज्याचा संकल्प मोडतो तो माणूस आळशी किंवा खोटारडा असतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते. संकल्प मनात असतो. त्याचे काम मात्र कधी करायचे, किती करायचे आणि कोणत्या दिवशी करायचे, हे कुठेच ठरलेले नसते. आजच्या पाठात आपण एवढीच एक गोष्ट शिकणार आहोत: मोठा संकल्प मोडून त्याचे या आठवड्याचे काम कसे करावे.

शंभर टनांची गोष्ट

साडेतीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास आपल्या भागातील एक शेतकरी मला भेटले. एक एकराला ते सुरू उसाची लागण करणार होते. मोठ्या उत्साहाने म्हणाले, "फादर, औंदा एकरी शंभर टन काढायचाच!" त्या शंभर टनांच्या हिशोबावर त्यांनी थोरल्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायचे ठरवले होते. मी म्हणालो, "काढा की, मामा. चांगलेच आहे."

पुढच्या वर्षी जानेवारीत ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला आणि वजन भरले ३८ टन. मुलीचा प्रवेश तर घेऊन झाला होता. फीचा पहिला हप्ता व्याजाने पैसे काढून भरावा लागला. रविवारी मिस्सा झाल्यावर मामा देवळाच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "नशीबच खोटं, फादर."

मी शेजारी बसलो आणि विचारले, "मामा, मोठी भरणी कधी केली होती?"

"असंल जुलैत कधीतरी."

"दुसरी खताची मात्रा?"

"खत मिळालं तवा टाकलं."

"आणि सरीत दहा फुटांत ऊस किती होते?"

"ते कोण मोजत बसतंय, फादर?"

मामी मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शंभरचा आकडा तेवढा रोज मोजत हुते!"

आम्ही तिघेही हसलो. पण मामींनी नेमके वर्म सांगितले होते. मामांकडे आकडा होता. त्या आकड्याकडे जाणारी वाट त्यांनी आखली नव्हती.

आकड्याची फोड

शंभर टनांचा आकडा आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे आणि तो खोटाही नाही. कोल्हापूर-सांगलीकडील काही शेतकऱ्यांनी तो गाठलेला आहे. पण आपल्या दोन्ही राज्यांची सरासरी हेक्टरी साधारण ८० ते १०० टन, म्हणजे एकरी ३२ ते ४० टनांच्या घरातच आहे. म्हणजे मामांचे ३८ टन हे काही जगावेगळे अपयश नव्हते.

आता शंभर टनांची फोड पाहू. शंभर टन म्हणजे एक लाख किलो. तोडणीच्या वेळी एकरात ४०,००० ऊस उभे असावेत आणि प्रत्येकाचे वजन सरासरी अडीच किलो भरावे, तर शंभर टन होतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार फुटी सरी असेल तर सगळ्या सऱ्यांची लांबी १०,८९० फूट होते. या लांबीत ४०,००० ऊस बसवायचे तर सरीत दर दहा फुटांना ३७ ऊस हवेत, आणि तेही अडीच-अडीच किलोचे.

मामांच्या रानात किती असतील? दहा फुटांत २५ ऊस धरले तर एकरात सुमारे २७,००० होतात. प्रत्येकी १ किलो ४०० ग्रॅम वजन धरले की ३८ टन झाले. म्हणजे एकाच वर्षात उसांची संख्या जवळजवळ दीडपट आणि प्रत्येकाचे वजन पावणेदोनपट करायचे, असा तो संकल्प होता. हे लक्षात आल्यावर मामाच म्हणाले, "हे म्हंजे पहिलीच्या पोराला एकदम मॅट्रिकला बसवल्यासारखं झालं की, फादर."

मग पुढच्या लागणीसाठी आम्ही ६० टन धरले. त्यासाठी ३२,००० ऊस आणि सरासरी १ किलो ९०० ग्रॅम वजन लागते. सरीच्या भाषेत सांगायचे तर दहा फुटांत तीस ऊस. हा आकडा रानात उभे राहून, दहा फुटांची काठी सरीला लावून मोजता येतो. त्यासाठी कारखान्याच्या काट्याची वर्षभर वाट पाहावी लागत नाही. संकल्प असा असावा की तो चुकत असेल तर दुरुस्तीला वेळ आहे तोवर कळावे.

पहिली सवय: आधी आपले पाणी मोजा

बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्च मोजावा, हा प्रभूचा दाखला आपण लूकच्या शुभवर्तमानात ऐकतो. संकल्पालाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडे जमीन किती, पाणी किती, पैसा किती आणि मुख्य म्हणजे वेळ किती, हे आधी मांडावे.

याचे एक मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात घडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगाव येथे ४० एकर ओसाड जमीन घेऊन पाणी अडवण्याचे काम केले. त्यातून १९७४ साली पाणी पंचायत उभी राहिली. तिथे पाणी शेताच्या मापाने न देता माणसांच्या मापाने दिले जाई. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळे, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असा नियम होता. आधी पाणी मोजले, मग पीक ठरवले. आपण नेमके उलटे करतो. आधी शेजाऱ्याचा आकडा ऐकतो, तोच आपला संकल्प करतो आणि मग पाणी, खत व कर्ज त्याच्यामागे ओतत जातो. जास्त पाण्याने आणि जास्त खताने नदीकाठच्या किती काळ्या जमिनी मिठाने फुटल्या आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

दुसरी सवय: कामाला तारीख लावा

मामांनी मुलीची एक जुनी वही घेतली आणि भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले. १५ जानेवारीला लागण धरून आम्ही कामे लिहिली. नत्र खताचे चार भाग करण्याची पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस आहे: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या भरणीला ४० टक्के. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला व निम्मे मोठ्या भरणीला द्यायचे. किती किलो द्यायचे हे माती तपासून आणि रैत संपर्क केंद्रात विचारून ठरवावे. शेजाऱ्याच्या पोत्यांवरून ठरवू नये.

कॅलेंडरवर या गोष्टी अशा उतरल्या:

मार्चचा दुसरा आठवडा: दुसरी मात्रा आणि बाळभरणी.
एप्रिलअखेर: तिसरी मात्रा. दहा ठिकाणी काठी लावून फुटवे मोजणे.
जूनचा पहिला आठवडा: शेवटची मात्रा आणि मोठी भरणी, पाऊस लागायच्या आत.
पाण्याची प्रत्येक पाळी: दिली त्या दिवसावर गोल.

यात नवीन असे काही नाही; ही कामे मामांना तोंडपाठ होती. पण आता प्रत्येक काम एका ठरावीक आठवड्यात बसले होते. "भरणी करायची आहे" हे वाक्य वर्षभर खरेच असते, म्हणून ते काम कधीच करावे लागत नाही. "जूनच्या पहिल्या आठवड्यात भरणी" हे वाक्य मात्र सात दिवसांत खरे ठरते किंवा खोटे पडते.

तिसरी सवय: नवे काम जुन्या कामाला बांधा

वर्षातून चार वेळा करायच्या कामाला तारीख पुरते. रोजच्या कामाला मात्र दावे लागते. मोकळे वासरू जसे गायीच्या बाजूला बांधतात, तसे नवे काम रोज न चुकता होणाऱ्या जुन्या कामाच्या बाजूला बांधावे.

इथे माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. उपवासकाळात मी देवासमोर संकल्प केला: रोज एक तास चालेन. पहिला आठवडा चाललो. दुसऱ्या आठवड्यात दोन अंत्यविधी आणि एक लग्न आले. तिसऱ्या आठवड्यात चालण्याचे बूट कपाटात गेले. तुम्हाला मोहाशी झगडायला सांगणारा मी, माझ्याच्याने तासभर चालवेना, याची मला फार लाज वाटली.

पुढे मी दोन गोष्टी बदलल्या. एक तासाऐवजी अर्धा तास धरला, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. अर्ध्या तासाचे पाच दिवस म्हणजे तेवढेच. दुसरे म्हणजे "सवड मिळेल तेव्हा" हे शब्द काढून टाकले. सकाळची मिस्सा संपली की घरात न शिरता देवळाच्या दारातूनच चालायला सुटायचे, असे ठरवले. मिस्सा चुकत नाही, म्हणून चालणेही फारसे चुकत नाही.

तुम्हीही असे बांधू शकता. डेअरीला दूध घालून परत आलो की उसात एक फेरी. रात्रीचे जेवण झाले की वहीत दिवसाचा खर्च. डेअरीचे बिल हाती आले की घरी पोचायच्या आत ठरलेली रक्कम मुलीच्या खात्यात. "अमुक झाले की तमुक करायचे" एवढे साधे सूत्र आहे.

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीचे फारसे बिघडले नाही. आपला उपवासकाळ चाळीस दिवसांचा. म्हणजे ईस्टरच्या दिवशी सवय पक्की झाली असे समजून सोडून देऊ नये. पुढे तीन-चार आठवडे तरी ती धरून ठेवावी.

चौथी सवय: रोज खूण, रविवारी बेरीज

पाचशे वर्षांपूर्वी संत इग्नाशियस लोयोला यांनी यासाठी फार साधी पद्धत सांगून ठेवली आहे. हे मूळचे सैनिक. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफेचा गोळा लागून ते अंथरुणाला खिळले आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात एका दोषावर मात करण्याची रीत आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारी आणि रात्री मनाला विचारायचे आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे. मग सकाळची दुपारशी, आजची कालशी आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची.

संतांनी ठिपके द्यायला सांगितले यात मोठा शहाणपणा आहे. आपले मन स्वतःच्या बाबतीत फार ढिले मोजते. तंबाखूच्या चार पुड्या झाल्या तरी मन दोनच सांगते. ठिपका मात्र दिला तेवढाच राहतो.

दारूच्या बाबतीत एक सूचना. ज्याची रोजची आणि भरपूर पिण्याची सवय आहे, त्याने एकाएकी दारू तोडली तर अंग थरथरते, भास होतात, झटकेही येऊ शकतात, आणि प्रसंगी जिवावर बेतते. अशा माणसाने एकट्याने शपथ घेऊन घरी बसू नये. आधी डॉक्टरांना भेटावे. घरच्यांनीही "सोडतोस की नाही" म्हणून भांडण्यापेक्षा त्याला दवाखान्यात घेऊन जावे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळाने जन्मभराची शपथ बाजूला ठेवून फक्त आजचा दिवस न पिण्याचा संकल्प करायला शिकवले. संकल्प लहान करण्याचा हाही एक धडा आहे.

पाचवी सवय: एका माणसाला सांगा

संकल्प गावभर सांगू नये. गावभर सांगितला की वाहवा आधीच मिळते आणि काम मागे राहते. पण एका माणसाला जरूर सांगावा, आणि तो माणूस आपल्याला न घाबरता विचारणारा असावा. मामांच्या घरी तो मान मामींना मिळाला. रविवारी दुपारी जेवणे झाली की मामी वही पुढे ठेवायच्या आणि तीनच प्रश्न विचारायच्या: काय झालं? काय राहिलं? ह्या आठवड्याला काय हाय? रागावायचे नाही, टोमणे मारायचे नाहीत, असा करार होता. मामी सांगतात की करार दोन वेळा मोडला, पण दोनदाच!

मग साठ टन झाले का?

नाही झाले. काट्यावर ५२ टन भरले.

पण या वेळी मामा पायरीवर बसून राहिले नाहीत. ते वही घेऊनच आले. काठीने मोजलेले ऊस दहा फुटांत सरासरी २९ होते. म्हणजे संख्या जवळजवळ जमली होती. वजन कमी पडले होते. का कमी पडले, हेही वहीत होते. मे महिन्यात घरच्या लग्नात पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या, तिथे गोल नव्हते. आणि मोठी भरणी जूनच्या पहिल्या आठवड्याऐवजी तीन आठवडे उशिरा झाली, कारण बैलवाल्याला आधी सांगून ठेवले नव्हते आणि मध्येच पाऊस लागला. त्याच पानावर मामांनी पुढच्या वर्षासाठी लिहिले होते: "१५ मे, बैलं सांगून ठेवणे."

पहिल्या वर्षी ३८ टन झाले तेव्हा मामांनी नशिबाला दोष दिला होता. दुसऱ्या वर्षी त्यांच्या हाती दोन तारखा होत्या. नशिबाला आपण काही करू शकत नाही. तारखेला करू शकतो. वाढलेल्या चौदा टनांतून व्याजाचे कर्ज फिटले आणि मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीला हात पसरावे लागले नाहीत. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे.

कधी सगळे नीट करूनही गारपीट येते, महापूर येतो, भाव पडतो. तेव्हा स्वतःला दोष देऊ नये. पाऊस आणि बाजार आपल्या वहीत लिहिता येत नाहीत. वहीत आपण आपल्या हातचे तेवढे लिहितो, आणि तेवढ्याचाच जाब स्वतःला विचारतो.

या महिन्याचा अभ्यास

घरातील सर्वांनी रविवारी एकत्र बसून एका वहीत पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे.

१. यंदा आम्हाला गाठायची एकच गोष्ट कोणती? (आकड्यात लिहा: किती टन, किती रुपये, किती दिवस.)
२. आज आम्ही कुठे आहोत? (हाही आकडा लिहा, लाजू नका.)
३. त्यासाठी आमच्याकडे पाणी, पैसा आणि वेळ किती आहे? पुरत नसेल तर पहिल्या प्रश्नाचा आकडा खाली आणा.
४. कोणती कामे कोणत्या आठवड्यात करायची? कॅलेंडरवर खूण करा.
५. रोजचे एक लहान काम कोणते, आणि ते कोणत्या जुन्या कामाला बांधायचे?
६. रविवारी आम्हाला कोण विचारणार?

वही मला दाखवायला आणण्याची गरज नाही. ती घरातच, देवाच्या तसबिरीखाली किंवा खुंटीवर, हाताशी येईल अशी ठेवावी. फक्त पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून ठेवा. नाहीतर मुले ती शाळेत नेतात आणि आपला संकल्प तिथेच अडतो, असा मामींचा अनुभव आहे.

तुमचा,
फादर